पोरगं चवड्यांवर चालतंय? घरी काय बघायचं आणि डॉक्टरांकडे कधी न्यायचं

नुकतं चालायला लागलेलं पोर टाचा उचलून चवड्यांवर तुरुतुरु पळतंय असं दिसलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक आजीची, "अगं ह्याचा बाप पण असाच चालायचा, होईल सरळ", आणि दुसरी मोबाईलवाली, जी रात्री साडेअकराला सर्च करून ऑटिझमपासून ऑपरेशनपर्यंत सगळं वाचून बसलेली असते. गंमत म्हणजे दोघींचंही थोडंथोडं बरोबर असतं. मी लहान मुलांची फिजिओ आहे, हे पालक रोज समोर येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न वयाचा असतो, "आता किती वर्षांपर्यंत वाट बघायची?" वय महत्त्वाचं आहेच, पण माझं म्हणणं असं की त्याच्याही आधी टाच बघा. पोरगं टाच टेकवत नाहीये, की त्याची टाच टेकतच नाहीये? टेकवू शकतं पण टेकवत नाही ही एक गोष्ट, आणि प्रयत्न करूनही टाच खाली येत नाही ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि दुसरी असेल तर वय दीड असो की चार, वाट बघायची नाही.

आधी वयाचं सांगून टाकते. बाळं साधारण वर्षाच्या आसपास चालतात, कोणी नवव्या-दहाव्या महिन्यात तर कोणी सतराव्या-अठराव्या, हे सगळं नॉर्मलमध्येच येतं. सुरुवातीला पाय फाकवून, हात वर, पोट पुढे, अख्खं पाऊल धपकन टाकत चालतात, आधी टाच मग चवडा ही आपली मोठ्यांची चाल त्यांना नंतर जमते. त्या मधल्या काळात बरीच पोरं अधूनमधून चवड्यांवर जातात, सोफा धरून कडेकडेने सरकताना, टीपॉयवरचा रिमोट पळवताना, बाबा ऑफिसातून आले की, गार फरशीवर पाय पडला की. दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांची टाच नीट टेकायला लागते आणि तीनपर्यंत चाल बऱ्यापैकी पक्की होते. म्हणून दोनच्या आत आहे, टाच सहज खाली येतेय, दोन्ही पाय सारखे आहेत, बाकी सगळं वेळेवर चाललंय, तर शांत राहा. दोन ते तीनमध्ये लसीकरणाला किंवा सर्दी-खोकल्याला डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा विषय काढा. तीन पूर्ण झाली आणि अजून दिवसातलं बरंच चालणं चवड्यांवरच आहे तर मग दाखवायचंच, "शाळेत जायला लागला की सुटेल" असं म्हणून ढकलायचं नाही.

स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या चौदाशेहून जास्त मुलांचा एक अभ्यास झाला होता, २०१२ साली छापून आला. त्यात जवळपास ५ टक्के मुलं कधी ना कधी चवड्यांवर चाललेली निघाली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं ते साडेपाचच्या आत सुटलेलं होतं. पुढे त्याच मुलांवर दहाव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं तर ७९ टक्के मुलं आपोआप टाच टेकवून चालायला लागली होती. म्हणजे आजीची पार्टी जिंकली म्हणायची, पण थांबा, त्याच अभ्यासात ज्या मुलांचा विकास मागे होता किंवा ज्यांना ऑटिझमसारखं काही निदान झालेलं होतं त्या छोट्या गटात चवड्यांवर चाललेल्या मुलांचं प्रमाण ५ नाही, तब्बल ४१ टक्के होतं. तेव्हा मोबाईलवाल्या पार्टीला पण अगदीच वेड्यात काढू नका. ज्या मुलांमध्ये शोधूनही कारण सापडत नाही त्यांच्या चालण्याला डॉक्टर इडिओपॅथिक टो वॉकिंग म्हणतात, घराण्यात असणं त्यात खरंच कॉमन आहे, पण ते लेबल सगळं तपासून झाल्यावर सगळ्यात शेवटी लावायचं असतं, "बाप पण असाच चालायचा" एवढ्यावर नाही.

आता घरी काय बघायचं

ह्याला काहीही सामान लागत नाही. सगळ्यात सोपी टेस्ट ओल्या पायांची. आंघोळ झाली की पाय न पुसता पोराला कोरड्या फरशीवर चालू द्यायचं, शहाबादी किंवा कडप्पा असेल तर मस्त ठसे दिसतात, पांढऱ्या टाइल्सवर काही कळत नाही, मग गच्चीत न्या किंवा जुने पेपर अंथरा. आणि वाकून बघा, बोटं आणि चवड्याचा ठसा आहे पण मागे टाचेचा गोल उमटलाय का? दहा पावलांत किती वेळा उमटला? आणि मुख्य म्हणजे दोन्ही पायांचा सारखाच उमटतोय की उजव्याचा पूर्ण आणि डाव्याचा नुसता पुढचा? दोन्ही पायांच्या ठशांत असा फरक आहे असं मला फोनवर कोणी सांगितलं तरी मी उरलेलं बोलणं सोडून त्यांना लगेच या म्हणते, का ते पुढे सांगते.

चू-चू वाजणारे बूट असतील तर तेही कामाला येतात, कारण त्यातली शिट्टी बहुतेक वेळा टाचेखाली असते. टाच दाबली गेली तर वाजणार, चवड्यावर पळालं तर गप्प. शेजाऱ्यांना त्या आवाजाने वीट येतो ते मान्य, पण पंधरा मिनिटं कान देऊन ऐका, एका पायाचा बूट वाजतोय आणि दुसरा नाही असं पण कळतं. रोजच्या चपला-बुटांचे तळ उलटे करून बघा, पुढचा भाग घासून गुळगुळीत आणि टाच दुकानातून आणल्यासारखी कोरी असेल तर दिवसभर काय चाललंय ते समजलंच.

मग बघा पोरगं उभं असताना काय करतं. टीव्हीसमोर उभं राहून पोळी खातंय, ओट्यापाशी तुमच्या पायाला धरून उभं आहे, अशा वेळी टाचा खाली येतात का? नुसती सवय असलेली बरीच मुलं पळताना चवड्यांवर असतात पण स्थिर उभी राहिली की टाचा टेकतात, आणि "टाच टेकवून चाल बरं" म्हटलं की चार पावलं एकदम शहाण्यासारखी चालून दाखवतात. हे चांगलं लक्षण आहे.

उकिडवं बसणं बघा. आपली पोरं खाली पडलेली मुंगी बघायला टाचा टेकवून उकिडवी बसतात आणि बसूनच राहतात, आपल्याला बघून गुडघे दुखतात. टाचा उचलल्याशिवाय बसताच येत नसेल, किंवा टाचा टेकवायला गेलं की मागे कोलमडत असेल, तर घोटा आखडलाय असं समजा. पण इथे एक गोची आहे जी फारसं कोणी सांगत नाही, ती म्हणजे उकिडवं छान बसता येतं म्हणजे सगळं ठीक असं नाही. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात आणि त्यातला वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. तो आखडलेला असला तरी उकिडवं बसताना टाच आरामात टेकते, आणि गुडघा सरळ करून चालायला गेलं की पुन्हा वर. म्हणून पुढची टेस्ट करायचीच.

ती अशी. पोर झोपलेलं किंवा गोष्ट ऐकत लोळलेलं असताना त्याचा गुडघा सरळ ठेवा. एका हाताच्या तळव्यात त्याची टाच पकडा, पाऊल थोडं आतल्या बाजूला ठेवा आणि सावकाश अख्खं पाऊल नडगीच्या दिशेने वर आणा. बोटं धरून ढकलायचं नाही, तसं केलं तर पाऊल मधूनच वाकतं आणि तुम्हाला वाटतं घोटा वाकला. पाऊल काटकोनाच्या पुढे, नडगीकडे सहज झुकलं पाहिजे. कसंबसं काटकोनापर्यंत येतंय किंवा तिथवरही पोचत नाही, तर वय काहीही असो, दाखवा. आता तेच गुडघा वाकवून करा आणि फरक पडतो का बघा, डॉक्टरांना ही माहिती उपयोगी पडते. दुसऱ्या पायाचं पण असंच बघा. आणि पाऊल पटकन वर नेताना मध्येच अडकल्यासारखं होतंय किंवा ते आपोआप थडथड उडायला लागलं, तर तो स्नायूचा नाही, नसांचा आणि मेंदूचा विषय असू शकतो, त्याला लगेच दाखवायचं.

ह्यात थांबायचं नाही

एकाच पायाची टाच वर असणं. हे मी पहिल्या नंबरला ठेवते. सवय असेल तर ती दोन्ही पायांना असते, एका पायाला नसते. एक पाय आखूड असेल, खुब्याचा सांधा जन्मापासून निसटलेला असेल, किंवा शरीराच्या एका बाजूला मेंदूकडून नीट सिग्नल जात नसतील, तर एकच टाच वर राहते. खुबा निसटलेला असतो तेव्हा बाळाला काही दुखत नाही, त्यामुळे चालायला लागेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग एक पाय चवड्यावर आणि कमरेतून झुकत चालणं दिसतं. लंगोट किंवा डायपर बदलताना एक मांडी दुसरीएवढी बाहेर उघडत नसेल, किंवा बाळ उताणं असताना दोन्ही गुडघे मुडपून उभे केल्यावर एक गुडघा खाली दिसत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बाळाचे पाय ताठ सरळ करून घट्ट बांधून ठेवायची जी पद्धत आहे ना, ती खुब्याला चांगली नाही, बाळाला गुंडाळायचंच असेल तर कमरेखाली सैल ठेवा, पाय बेडकासारखे मुडपू देत.

आधी नीट टाच टेकवून चालत होतं आणि आता महिन्याभरात चवड्यांवर गेलं. ही पण सवय नाही. पाठीचा कणा बघा, कमरेच्या खाली केसांचा झुपका, खोल खळगा, चरबीची गाठ किंवा वेगळ्या रंगाचा डाग आहे का. मज्जारज्जू खाली चिकटलेला असेल तर अशी चिन्हं दिसू शकतात, आणि त्यासोबत शी-शूचं तंत्र बिघडतं, म्हणजे आधी सांगणारं पोर आता कपड्यातच करतं किंवा बद्धकोष्ठ हटतच नाही. आईबापांना ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटत नाही आणि ते साहजिक आहे, म्हणूनच लिहितेय.

बाळ वेळेआधी जन्मलं, काचेत ठेवलं होतं, जन्मतः रडलं नाही, कावीळ खूप वाढली होती, झटके आले होते, ह्यातलं काही असेल आणि आता पाय कडक वाटतात, उभं केल्यावर पाय एकमेकांना कात्रीसारखे लागतात, बसायला-रांगायला उशीर झाला होता, तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा, विचार करावाच लागतो. इथे तीन वर्षं पूर्ण होण्याची वाट बघितली तर सगळ्यात उपयोगाचा काळ हातून जातो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जेवढे आठवडे आधी आलं तेवढे वजा करायचे, पण तसं करूनही अठरा महिन्यांपर्यंत चाललं नाही तर चवडे-टाचा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

आता मुलग्यांच्या आयांसाठी एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण हीच जास्त निसटते. ड्युशेन नावाचा स्नायूंचा आजार आहे, जवळजवळ फक्त मुलग्यांमध्ये होतो, साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एखाद्याला. ह्यात मुलगा थोडा उशिरा चालतो, सारखा पडतो, पळताना मागे पडतो, उडी मारता येत नाही, जिना चढायला कठडा लागतो, आणि हळूहळू चवड्यांवर जायला लागतो. आणि त्याच्या पोटऱ्या मात्र मस्त भरलेल्या, टणक दिसतात, घरातले कौतुकाने म्हणतात बघा पैलवान आहे पैलवान, तर ते स्नायू ताकदीने फुगलेले नसतात. बघायची गोष्ट म्हणजे मांडी घालून बसलेला मुलगा आधार न घेता जमिनीवरून कसा उठतो. तो आधी ओणवा होतो, ढुंगण वर करतो, मग हात आपल्याच गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत ठेवत स्वतःच्या अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. दीड वर्षाचं बाळ हात टेकवून उठतं त्यात काही नाही, पण तीन वर्षांचा मुलगा असा उठत असेल तर व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पहिली तपासणी साधी रक्ताची असते, सीपीके नावाची, त्यात स्नायूंमधलं एक एन्झाइम मोजतात, ड्युशेनमध्ये तो आकडा हजारोंमध्ये जातो. कधीकधी दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलेलं असतं आणि एसजीपीटी नावाचं एन्झाइम वाढलेलं निघतं, सगळे लिव्हरच्या मागे लागतात, पण ते स्नायूंमधूनही येतं, त्यामुळे अशा मुलग्याची चाल बघायला हवी.

ऑटिझमचं थोडक्यात. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये चवड्यांवर चालणं जास्त दिसतं हे खरं, पण चवड्यांवर चालतं म्हणून ऑटिझम, असं उलटं होत नाही. नावाने हाक मारली तर वळून बघतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, नुसतं हवं म्हणून नाही तर "ते बघ चिमणी" असं तुम्हाला दाखवायला म्हणून बोट करतं का, डोळ्यात बघतं का, आलेले शब्द गेले तर नाहीत ना. ह्यात गडबड वाटत असेल तर टाचेचं वय मोजत बसू नका, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते, बालरोगतज्ज्ञ ती भरून घेतात. नसेल तर चवड्यांपुरती चिंता करा, पुरे.

हे उद्योग करू नका

बसवायचा गोल वॉकर काढून टाका. त्यात बाळ मध्ये लोंबकळतं आणि फक्त चवड्यांनी जमीन ढकलतं, म्हणजे नको तेच शिकतं, शिवाय जिन्यावरून गडगडण्याचा धोका वेगळा, कॅनडाने तर २००४ मध्येच ह्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात पोर मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर वजन घेऊन ढकलतं, तो लक्ष ठेवून चालेल.

कॅल्शियमचं सिरप ह्याला लागू पडत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाने दिलं असेल तर द्या, पण टाच टेकायला म्हणून बाटल्या संपवू नका. मालिशवाल्या मावशींना पाय जोरात ओढू-पिरगळू देऊ नका, हलक्या हाताने तेल लावलं तर छान, आखडलेली शीर (पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारी दोरी) त्याने लांब होत नाही एवढंच. ऑनलाइन मिळणारे स्पेशल बूट तपासणीशिवाय घेऊ नका. आणि दिवसभर "टाच, टाच, टाच" असं ओरडणं बंद करा, अडीच वर्षांच्या पोराला ते एकतर ऐकू येत नाही किंवा त्याला तो खेळ वाटतो आणि ते मुद्दाम करतं. पाय सपाट दिसतात म्हणून पण घाबरू नका, ह्या वयात तळव्याला चरबी असते, कमान नंतर दिसते.

जे करता येईल

टाच खाली येते पण पोर टेकवत नाही, बाकी सगळं ठीक, अशा मुलांसाठी खेळातूनच काम होतं. खेळणी टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवा, उकिडवं बसून वेचू द्या. बदकासारखं टाचांवर चालायचं, बोटं वर, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत शर्यत, तुम्ही पण चाला, तुमचीच फजिती जास्त होईल आणि त्याला मजा येईल. सोसायटीतला पार्किंगचा उतार असतो ना, तो चढायला लावा, चढताना टाच आपोआप ताणली जाते. कोकणात, गोव्यात असाल किंवा जवळ वाळू असेल तर अनवाणी वाळूत चालवा. घरात शक्य तेवढं अनवाणी राहू द्या, बाहेर जाताना मागून टाच धरून ठेवणारे, जरा वजनदार तळाचे बूट घाला, फ्लॅप-फ्लॅप चपला नकोत. भिंतीवर चित्र चिकटवून उभ्याने रंगवायला द्या आणि चवड्यांखाली एक जाड वही सरकवा, म्हणजे चवडा थोडा वर आणि टाच खाली, पाच-दहा मिनिटं सहज निघतात.

स्ट्रेचिंग करायचं असेल तर वर सांगितलेल्या टेस्टचीच पकड. गुडघा सरळ, टाच तळव्यात, तुमच्या हाताचा पुढचा भाग त्याच्या तळपायाला टेकलेला, आणि तुमच्या अंगाचं वजन हळू पुढे नेत पाऊल वर. ताण जाणवेल पण चेहरा वाकडा होणार नाही इतकंच, पंधरा ते तीस सेकंद, मग सोडा, प्रत्येक पायाला चार-पाच वेळा, रोज, झोपताना गोष्ट सांगता सांगता. रडवून केलं तर पोर पाय आखडून घेतं आणि उलटं काम होतं. एकदा फिजिओकडून हातात हात घेऊन शिकून घ्या, व्हिडिओ बघून पकड जमत नाही. आणि कडक पाय, थडथड, ताकद कमी असं काही वाटत असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम.

डॉक्टरांकडे जाताना

पहिल्यांदा तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, ते पुढे लहान मुलांचे हाडांचे डॉक्टर, न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिओ ह्यांच्याकडे पाठवतील. एक नेहमीचा घोळ म्हणजे पोरगं दवाखान्यात शिरलं की राजासारखं टाच टेकवून चालतं आणि डॉक्टर म्हणतात मला तर ठीक दिसतंय. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ घेऊन जा, पोर चड्डीवर, अनवाणी, त्याला कळू न देता. समोरून, मागून आणि बाजूने, पळताना, जमिनीवरून उठताना, जिना चढताना. प्रत्येकी अर्धा मिनिट खूप झालं, आणि कॅमेरा खाली गुडघ्यांच्या लेव्हलला धरा, वरून काढलेल्या व्हिडिओत टाच दिसतच नाही. सोबत जन्माचे कागद, किती आठवड्यांचं, वजन किती, बसलं-चाललं कधी, आणि घरात अजून कोण असं चालायचं ते लिहून न्या. सासूबाईंना विचारायला लाजू नका, आजी लोकांना हे सगळं लख्ख आठवत असतं.

डॉक्टर पाय, पाठ, खुबे, ताकद, रिफ्लेक्स बघतील आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच निदान होतं. प्रत्येकाला एक्स-रे आणि एमआरआय लागत नाही, सांगितलं तर का सांगितलं ते विचारा.

खर्चाचं किंवा गावात स्पेशालिस्ट नसल्याचं टेन्शन असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, वर्षातून दोनदा, तिच्या डॉक्टरांना थेट सांगा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तपासणी ते पुढचे उपचार मोफत आहेत. ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतात, तिथे फिजिओही असतो. टीम यायला वेळ असेल तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगून ठेवा.

उपचार म्हणजे नक्की काय

टाच मोकळी असेल तर व्यायाम आणि लक्ष ठेवणं, बस. थोडी आखडलेली असेल तर स्ट्रेचिंगच्या जोडीला प्लास्टिकचा स्प्लिंट, त्याला एएफओ म्हणतात, पायाचं माप घेऊन बनवतात, मोजे घालून त्यावर चढवायचा, कुठे लाल चट्टा उठला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर बनवणाऱ्याकडे परत. जास्त आखडलेली असेल तर गुडघ्याखाली प्लास्टर, दर एक-दोन आठवड्यांनी काढून घोटा थोडा अजून वर आणून नवीन घालतात, असं काही आठवडे चालतं आणि पोर त्यात चालतं-पळतं पण. पावसाळ्यात ते ओलं होऊ न देणं हेच मोठं काम असतं, आणि आतून वास आला, बोटं निळी-थंड पडली किंवा रडणं थांबत नसेल तर रात्र न काढता हॉस्पिटल गाठायचं. बोटॉक्सचं इंजेक्शन सेरेब्रल पाल्सीच्या कडकपणात वापरतात, पण कारण न सापडणाऱ्या साध्या चवड्यांवरच्या चालण्यात प्लास्टरसोबत ते दिल्याने जास्त फायदा होत नाही असं स्वीडनच्याच एका अभ्यासात दिसलंय, तेव्हा कोणी सुचवलं तर नीट विचारून घ्या. शीर लांब करायचं ऑपरेशन सगळ्यात शेवटी, सहसा मोठ्या मुलांमध्ये, हे सगळं करून टाच खाली आली नाही तरच.

आणि टाच मोकळी आहे, काळजी नको असं सांगून घरी पाठवलं असेल तरी दर सहा महिन्यांनी घोट्याची ती गुडघा सरळ ठेवून करायची टेस्ट करत राहा, भिंतीवर उंचीची रेघ मारता त्याच दिवशी करा म्हणजे लक्षात राहतं, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडं पुढे जातात आणि पोटरीचे स्नायू मागे राहतात, त्यामुळे आधी मोकळी असलेली टाच त्या काळात आखडू शकते. मागच्या वेळेपेक्षा पाऊल कमी वर येतंय असं वाटलं तर पुढच्या सहा महिन्यांची वाट न बघता अपॉइंटमेंट घ्या.